गुणाबाईच्या वाट्याचा दिवस

खैरटोल्यातल्या मुखरूभाऊंच्या घरात एक शब्द बोलायला बंदी होती. शिव्या चालत. ट्रॅक्टर बंद पडला की धाकटा मुलगा प्रफुल ज्या शिव्या देई, त्या ऐकून कोंबड्यासुद्धा अंगणाबाहेर जात. पण 'वाघ' हा शब्द चालत नसे. अगदी वेळच आली तर 'तो' म्हणायचं, आणि तेही गुणाबाई आत चुलीपाशी आहे की बाहेर, हे पाहून. आता चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला खेटून असलेल्या गावात राहायचं आणि वाघाचं नाव काढायचं नाही! कोंबडं झाकलं म्हणून काय उजाडायचं राहतं? पण मुखरूभाऊंच्या घरी ते कोंबडं वर्षानुवर्षं झाकून ठेवलेलं होतं.

गुणाबाईला या बंदीचा भारी राग होता. बंदी तिच्यासाठी होती, पण तिला विचारून घातलेली नव्हती. आठ-नऊ वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत ती झाडाखाली वाकून फुलं वेचत होती, तेव्हा मागून तिच्या डाव्या खांद्यावर काहीतरी पडलं. तिला वाटलं फांदी मोडली. ती तोंडावर आपटली, नाकातोंडात माती गेली. मग शेजारीण अंजनाबाईचं किंचाळणं, बायांनी डबे बडवल्याचा आवाज, आणि पुढचं एकदम चंद्रपूरचा दवाखाना. खांदा जुळला, पण डावा हात अजूनही खांद्याच्या वर जात नाही. ती दवाखान्यातून घरी आली तेव्हा भिंतीवरचं वाघाच्या चित्राचं कॅलेंडर गायब झालेलं होतं आणि नवरा, दोन्ही मुलगे, सगळे दबक्या आवाजात बोलत होते.

खरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, कारण कुणी विचारलीच नाही. गुणाबाईनं तो वाघ पाहिलाच नव्हता. त्याच्या शेपटाचं टोकसुद्धा नाही.

आणि तिथंच सगळं अडलं होतं. दरवर्षी होळी झाली, मोह गळायला लागला, की गल्लीतल्या बाया पहाटे टोपल्या घेऊन निघत. गुणाबाईही टोपली घेऊन निघायची. गावाबाहेरच्या शेवटच्या बांधापर्यंत यायची. त्यापुढे पाय उचलायचा नाही. मग ती गुडघा धरून म्हणायची, "तुमी व्हा वं पुढं, माहा गुडघा लागून राह्यला." बायाही समजूतदार. मोहाच्या महिन्यातच दुखणाऱ्या त्या गुडघ्याची कुणी चौकशी केली नाही. जंगलात मुखरूभाऊंच्या वाट्याची मोहाची झाडं होती, त्यांच्या आजापासूनची. ती झाडं आता अंजनाबाई वेचायची आणि निम्मी फुलं गुणाबाईच्या ओट्यावर आणून ओतायची. बोलायची काहीच नाही. ती ओतलेली फुलं पाहून गुणाबाईचा जीव जळे. उभ्या जन्मात जिनं कुणाच्या घरून ताक मागून आणलं नाही, ती आपल्याच झाडाची फुलं दुसरीच्या हातून घेत होती. तिला तिची झाडं परत हवी होती. सून नको, सोनं नको, ती झाडं हवी होती.

अशात एप्रिलच्या सुरुवातीला थोरला गोपाल पुण्याहून आला. त्याच्या मुलीची, मयुरीची, पाचवीची परीक्षा संपून नवा वर्ग सुरू व्हायला मधे आठेक दिवस होते. गोपालची बायको ज्योत्स्ना साताऱ्याकडची. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी सासरी आली ती दिवाळीला दोन दिवस नाहीतर कुणाच्या लग्नाला एक दिवस. यंदा पहिल्यांदाच निवांत आली होती आणि येतानाच म्हणाली होती, "या वेळी तुमचा मुलूख नीट पाहायचाय."

मुखरूभाऊंच्या घरची रीत अशी, की पाहुणे आले की त्यांना रोज एक ठिकाण दाखवायचं. ठिकाण पाहुण्यांनी सांगायचं, गाडी आणि डबा घरच्यांचा. घरच्या माणसानं निवडायचं नाही. "आपल्याले तं रोजच हाय," असं मुखरूभाऊ म्हणत; मग त्यांनी स्वतः त्यातलं निम्मं पाहिलेलं नसलं तरी.

संध्याकाळी ओसरीवर सगळे जमले. तीन दिवस फिरायचं आणि चौथ्या दिवशी रात्री नागपूरहून गाडी पकडायची, असं ठरलं. ज्योत्स्नाच्या हातात फोन, फोनवर नकाशा.

"हेमलकसा बघू या ना," ती म्हणाली. "आणि तिथून सिरोंचा. गोदावरी दिसेल."

प्रफुल हसला. "वहिनी, फोनवर समदं बोटभर दिसते. हेमलकशाले जाता-येता दिवस जाईल, अन् सिरोंच्याले गेलो तं मुक्कामच करा लागन. तिथी भाजीवाला पन तेलुगूत भाव सांगते."

"मग तू शिक तेलुगू," मुखरूभाऊ म्हणाले. "मराठीत तं तुले पोरगी भेटून नाई राह्यली."

प्रफुलच्या लग्नाचं तीन वर्षं पाहणं चालू होतं, त्यामुळे सगळे हसले.

"मी सांगू?" मयुरी पुढे सरकली. "माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी विचारलंय, की चंद्रपूरला जातेयस तर वा..."

गोपालला एवढ्या जोरात खोकला आला की मुखरूभाऊंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"वाळू!" ज्योत्स्ना घाईनं म्हणाली. "तिला नदीतली वाळू पाहायचीय. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी देऊळ आहे ना, तिथं जाऊ."

मयुरीनं आईकडे पाहिलं ते असं, की वाळू पाहायला पुण्याहून कोण येतं? पण तिला गाडीतच ताकीद मिळालेली होती. ती बिचारी गप्प बसली.

आत चुलीपाशी गुणाबाई भाकर थापत हे सगळं ऐकत होती. कान काही तिचे जखमी झाले नव्हते. पहिला दिवस मार्कंडा, दुसरा घोडाझरीचा तलाव, असं बाहेर ठरत गेलं. तिसऱ्या दिवशी कुठं, यावर घोळ सुरू झाला. गोपालनं एक धबधबा सुचवला. एप्रिलात त्याला पाणी नसतं हे प्रफुलनं सांगितलं. गोपाल म्हणाला, पाणी नसलं तरी जागा चांगली आहे. तेव्हा मात्र गुणाबाईला राहवलं नाही. कोरड्या दगडावर पाहुण्यांना नेऊन बसवायचं, पण तोंडानं एक शब्द काढायचा नाही, याला काय म्हणावं? तिनं तव्यावरची भाकर उतरवली, पदराला हात पुसले आणि ओसरीत येऊन उभी राहिली.

"तिसरा दिवस माहा," ती म्हणाली.

"माय, घरचे लोक कुठी निवडते?" प्रफुल म्हणाला.

"या साली निवडतीन. मले वाघ पाहाचा हाय."

मुखरूभाऊंच्या हातातला तांब्या हातातच राहिला. मयुरीचं तोंड उघडं ते उघडंच. आनंद दाखवावा की घाबरावं हे तिला कळेना.

"माय," गोपाल हळूच म्हणाला, "तुले त्रास होईल. कायले उगीच?"

गोपाल आईचा हळवा मुलगा. ती घटना झाली तेव्हा तो पुण्यात कंपनीत होता, दवाखान्यात पोचायला त्याला दीड दिवस लागला होता. तो दीड दिवस त्याच्या मनातून अजून गेला नव्हता.

"त्रास मले आताच होऊन राह्यला," गुणाबाई म्हणाली. "आयक गोपाल. तुमाले वाटते मी त्याले पाह्यली, म्हणून भेते. मी त्याले पाह्यलीच नाई. तो मागून आला न् मागून गेला. पाह्यला असता तं एकच वाघ राह्यला असता बापा. नाई पाह्यला, म्हणून तो दर झुडपात बसला हाय. पळसाच्या मागं तो, बांधाच्या मागं तो. कधी बैलाएवढा होते, कधी घराएवढा. मले एकडाव त्याले पाहू दे. केवढा हाय तेवढा पाहू दे. मंग मी माह्या झाडाखाली जाईन."

शेवटी मुखरूभाऊंनी तांब्या खाली ठेवला.

"गोपालची माय, इतकी वर्सं हे बोलली काऊन नाई?"

"तुमी इचारलं काऊन नाई?"

मुखरूभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. आणि ज्योत्स्नानं फोन उचलून सफारीच्या जागा कुठे रिकाम्या आहेत ते पाहायला सुरुवात केली. गुणाबाईला ही सून त्या क्षणापासून आवडायला लागली. त्याआधी ती नुसती चांगली वाटायची.

मार्कंड्याला सगळे गेले. देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहताना ज्योत्स्नाची मान दुखून आली. मयुरी खरोखरच वाळूत रमली आणि गुडघ्याइतक्या पाण्यात बसून राहिली. उन्हं चढल्यावर सासू-सुना झाडाखाली डबा सोडून बसल्या. तेव्हा ज्योत्स्नानं विचारलं, "आई, खरं सांगा. भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तं जाचं हाय. भेव नसतं तं कायले गेली असती? घरी बसून मिरच्या नसत्या खुडल्या?"

ज्योत्स्ना हसली. मग म्हणाली, "नाही दिसला तर? पुष्कळांना दिसत नाही म्हणतात."

हा विचार गुणाबाईनं केलाच नव्हता. जन्मभर ज्याला टाळण्यासाठी गाव जिवाचं रान करतं, तो शोधायला गेल्यावर मिळणार नाही, हे तिच्या डोक्यात कसं यावं? "दिसन," ती ठामपणे म्हणाली आणि वांग्याच्या भाजीचा डबा सुनेपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी घोडाझरीच्या तलावावर गोपालनं शेवटचा प्रयत्न केला. वारा छान होता, पोरगी नावेत बसायचा हट्ट करत होती, आई खुशीत दिसत होती. त्यानं आपल्या फोनवर वाघाचा व्हिडिओ लावला आणि तिच्यापुढे धरला. "हे पाय माय. असा असते. पाह्यला ना? झालं?"

गुणाबाईनं फोन लांब धरून, जवळ धरून, नीट पाहिला. पाणवठ्यावर वाघ पाणी पीत होता, मागं कुणीतरी इंग्रजीत कुजबुजत होतं.

"हा वीतभर हाय," ती म्हणाली. "अन् हा दुसऱ्याचा हाय." तिनं फोन परत दिला. गोपालनं हात टेकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे राखीव जंगलाच्या कडेच्या, बफर भागाच्या गेटवर हजर झाले. उन्हानं नुसती लाही होत होती. गेटवर आधार कार्डं दाखवून झाली, उघडी जिप्सी आली. सहा माणसांची गाडी; मुखरूभाऊ आणि प्रफुल मागच्या उंच बाकावर, गोपाल आणि मयुरी मधे, आणि सर्वांत पुढच्या बाकावर ज्योत्स्ना आणि गुणाबाई. ड्रायव्हरशेजारी गाईड बसला, सुनिल नावाचा, जवळच्याच जंगलातल्या गावचा पोरगा. त्यानं सगळ्यांना नियम सांगितले: गाडीतून उतरायचं नाही, काही फेकायचं नाही, फोन बंद, आणि बोलायचं नाही. अगदीच बोलायचं तर कानात.

मान सगळ्यांनी हलवली. गुणाबाईनंही हलवली. पण गाडी आत शिरली, दोन्ही बाजूंनी बांबू दाटला, आणि तिचा गळा आपोआप मोकळा झाला.

"हो रे हो! आलो रे बाप्पा, आलो!"

सुनिल दचकून वळला. "बाई! बाई, आवाज नोका करू!"

"अरे, सांगून तं जाऊ."

"कोनाले सांगता?"

"ज्याचं घर हाय त्याले. जंगलात मुकं जात नाईत बाबू. तुही माय नाई सांगत तुले?"

सुनिलचा चेहरा कसनुसा झाला. कारण त्याची माय हेच सांगत होती. मोहाला, तेंदूपत्त्याला, सरपणाला जाणारी इथली प्रत्येक बाई जंगलात ओरडत, बडबडत, डबा वाजवत शिरते, की बाबा आम्ही आलो, तू तुझ्या वाटेनं जा. चुकून गाठ पडू नये म्हणून. लहानपणापासून हे पाठ. आणि आता पोटासाठी हाच सुनिल लोकांना उलटं शिकवत होता, की गप्प बसा, म्हणजे तो येईल. "सांगते ना बाई," तो कानकोंडा होऊन म्हणाला, "पन इथी गाठ पडाले आलो ना आपन."

हे मात्र गुणाबाईला पटलं. तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला. पण सवय ती सवय. वळण आलं की तिच्या तोंडून 'हो' निघायचंच. एकदा खोकल्याच्या निमित्तानं निघालं, एकदा चितळांचा कळप दिसला म्हणून. समोरून आलेल्या दुसऱ्या जिप्सीतले कॅमेरेवाले पाहुणे डोळे वटारून पाहू लागले. मागून मुखरूभाऊ मयुरीच्या कानात म्हणाले, "तुह्या आजीनं आज समदे वाघ मध्य प्रदेशात धाडले." मयुरीला हसू आवरेना, तर गोपालनं तिचं तोंड दाबलं.

दीड-दोन तास गाडी फिरली. मोर दिसले, रानगवा दिसला, एक अस्वल पाठ दाखवून गेलं. पाणवठ्यावर थांबून झालं. सुनिल उतरत्या उन्हाकडे पाहायला लागला आणि गुणाबाईला ज्योत्स्नाचा तो प्रश्न आठवला. नाही दिसला तर? पुढच्या वर्षी परत तो बांध, परत ते गुडघ्याला हात लावून उभं राहणं, परत ओट्यावर अंजनाबाईनं ओतलेली फुलं. दोष कुणाला देणार? तिनंच आरडाओरडा करून त्याला पळवला होता. ओरडून जीव वाचतो हेच ती आजवर शिकली होती, आणि आज त्याच ओरडण्यानं घात केला असं तिला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. ती पाणी पुसत नव्हती, कारण ज्योत्स्नाच्या लक्षात आलं असतं. ज्योत्स्नाच्या लक्षात आलंच होतं. तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला, अगदी त्या डाव्या खांद्याच्या खाली.

तेवढ्यात डावीकडे वानर भुंकल्यासारखं ओरडलं. मग चितळ. सुनिलनं हात वर केला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. वाळक्या पानांवर कुणीतरी चालत होतं, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं.

बांबूतून तो बाहेर आला तो गाडीच्या चांगला पुढे, आणि रस्त्यावर येताच पुढच्या बाजूला वळला. त्यानं गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मातीच्या रस्त्याच्या मधोमध, त्यांच्याकडे पाठ करून तो चालू लागला. ड्रायव्हरनं गाडी त्याच्यामागे हळूहळू सोडली.

गुणाबाई समोरची दांडी उजव्या हातानं धरून उभी राहिली. डोळे तिनं मिटले नाहीत. तिनं त्याला पाहिलं. घराएवढा नव्हता. बैलाएवढाही नव्हता. पोट जरा लोंबत होतं, चालताना डाव्या-उजव्या बाजूला हलत होतं. मागच्या एका पायात किंचित लंगड होती. उजवा कान फाटलेला. मान खाली घालून तो चालला होता, दिवसभर नांगर ओढून जनावर गोठ्याकडे जातं तसा. हाच तो, असं कोण सांगणार? कदाचित तो केव्हाच मेला असेल. पण आता तिला ते सांगायची गरज वाटली नाही. वाघ म्हणजे हे. एवढं. याला कान आहेत, पाय आहेत, आणि याचा पाय दुखतो.

"तोंड दाखव ना," मागून मयुरी कुजबुजली. "एकदाच."

गुणाबाईलाही ते हवं होतं. इतकी वर्षं तिला तोंडच तर पाहायचं होतं. आणि ते कसं मिळवायचं हे तिच्याइतकं त्या गाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. एक आरोळी. तिच्या कमावलेल्या गळ्यातून एकच 'हो', आणि तो वळून पाहणारच. सुनिल चिडेल, चिडू दे. तिनं छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

तो चालतच होता. त्याच्या पाठीवर उन्हाचे कवडसे पडत होते. आपल्या मागे कुणी आहे याची त्याला फिकीर नव्हती. आपल्याच नादात, आपल्याच घराच्या वाटेवर होता. अगदी अशीच ती त्या दिवशी वाकलेली होती, फुलं वेचण्याच्या नादात.

गुणाबाईनं तोंड मिटलं. कुणाच्या पाठीवर असं अचानक जाऊन पडू नये. ते काय असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

वळणावर तो रस्ता सोडून उजवीकडच्या गवतात उतरला. गवत हललं, थांबलं. बस्स. ड्रायव्हरनं गाडी उभी केली. गोपालनं मागून पुढे वाकून आईचा हात धरला. त्याचा हात घामानं ओला होता. गुणाबाईचा हात कोरडा होता.

"बाई, तोंड नाई दिसलं," सुनिल अपराध्यासारखा म्हणाला. "तुमी काई आवाज पन नाई केला या टायमाले."

"दिसला बाबू," गुणाबाई म्हणाली. "पुरता दिसला." आणि मग ती खुदकन हसली. "त्यानं माही पाठ पाह्यली होती, मी त्याची पाह्यली. त्यानं माह्यावर घाव घातला, मी नाई घातला. आता त्यालेच माहं देनं राह्यलं."

परतीच्या वाटेवर ती गाणं म्हणत होती. गेटच्या बाहेर आल्यावर सुनिलनंही तिला थांबवलं नाही. घरी आल्यावर मुखरूभाऊंनी ओसरीत बसल्याबसल्या मोठ्यानं म्हटलं, "वाघ." मग परत म्हटलं, "वाघ, वाघ." इतक्या वर्षांनी तो शब्द तोंडात घोळवताना त्यांना कुठल्या तरी जुन्या पदार्थाची चव आल्यासारखं वाटत असावं. मयुरी तर झोपेपर्यंत तेवढंच बोलत होती.

चौथ्या दिवशी दुपारी पाहुणे निघणार होते. सकाळ रिकामी होती. उजाडायच्या आत ज्योत्स्ना उठली तेव्हा सासू अंगणात टोपली झटकत होती.

"आई, आज कुठं जायचं ठरलंय?"

"आज माह्या झाडाकडं. येतेस?"

ज्योत्स्नानं चप्पल घातली. गल्लीच्या तोंडाशी अंजनाबाई, मंगली, आणि आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या. गुणाबाईला पाहून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली आणि सगळ्या निघाल्या. बोलत, हसत, डबे वाजवत. शेवटचा बांध आला. बाया सवयीनं थांबल्या, गुणाबाईनं काहीतरी कारण सांगावं म्हणून.

गुणाबाई बांध चढली आणि पलीकडे उतरली.

पुढची पायवाट अरुंद होती. तिथून एकामागं एक असंच जावं लागतं, आणि सगळ्यांत मागं कुणी राहायचं यावरून रोज थोडी ओढाताण होते, कारण मागच्या बाईच्या पाठीमागं कुणीच नसतं. रोज मागं राहायची ती अंजनाबाई. त्या दिवशी गुणाबाईला वाचवणारी तीच होती, आणि तेव्हापासून मागं राहणं तिनं जणू आपल्याच अंगावर घेतलं होतं. तिनं गुणाबाईचा दंड धरला आणि तिला रांगेत पुढे ढकललं.

"तू मधात चाल वं. तुह्या सुनेले घेऊन मधात चाल. मागं मी हाय."

"सुनेले घे मधात," गुणाबाई म्हणाली. "तू बी मधात जाय. इतकी वर्सं तू माह्या मागं राह्यली."

"अन् तू?"

गुणाबाई वाटेच्या कडेला सरकली, एकेकीला पुढे जाऊ दिलं, अंजनाबाईलाही दिलं. मग टोपली डोक्यावर घेतली, जंगलाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, आणि सगळ्यांच्या मागून चालू लागली.